चांगली जागा

नोकरदार माणसांच्या बोलण्यात ‘चांगली जागा’ हा शब्दप्रयोग जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा दुसरा क्वचितच येत असेल. बदलीचा हुकूम निघाला, प्रतिनियुक्तीचे परिपत्रक आले किंवा कोणाच्या मुलाला नेमणुकीचे पत्र मिळाले, की ‘जागा कशी आहे?’ हा पहिला प्रश्न ठरलेला. आणि ‘चांगली आहे’ एवढ्या उत्तराने विचारणाराचे समाधानही होते. त्या ‘चांगली’चा अर्थ मात्र कोणी विचारीत नाही. एकाच्या मनात सरकारी निवासस्थान, मोटार आणि जवळचे केंद्रीय विद्यालय असते. दुसऱ्याच्या मनात मोठ्या शहराचे हवापाणी असते. तिसरा हा शब्द किंचित आवाज उतरवून उच्चारतो, आणि तेव्हा पगाराखेरीज होणारी प्राप्ती त्याला अभिप्रेत असते, हे ऐकणारा न सांगता ओळखतो. म्हणजे नीतीच्या दृष्टीने जी जागा सर्वांत वाईट, तीच व्यवहाराच्या भाषेत सर्वांत चांगली ठरावी, अशी या शब्दाची दशा झाली आहे.

या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळवून द्यावा, एवढाच आमचा हेतू असता तर चार ओळी पुरल्या असत्या. परंतु त्याच्या पाठोपाठ दोन प्रश्न येतात. नोकरी पत्करण्यापूर्वी त्या कचेरीचे बरेवाईटपण कोणत्या खुणांवरून ओळखावे, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड आहे. खुणा ओळखल्या, कचेरी वाईट आहे हे कळले, तर तिच्याकडे पाठ फिरविण्याचा आपणांस नैतिक अधिकार आहे काय? चांगली माणसे वाईट ठिकाणी जावयाची नाहीत असे ठरले, तर ती ठिकाणे कोणाच्या हाती राहावयाची?

प्रारंभीच एक आक्षेप येईल, की सरकारी नोकराला निवड असते कोठे? हुकूम आला की वळकटी बांधावयाची, हाच आपला धर्म. हे बदलीपुरते खरे आहे; सर्वस्वी खरे नाही. प्रतिनियुक्तीवर जाण्यासाठी अर्ज आपणच करतो. निवृत्तीनंतर एखाद्या मंडळावर, महामंडळावर वा खासगी कंपनीत जाणारे आपल्या इच्छेनेच जातात. आणि बंगळूरला वा गुरुग्रामला ज्यांच्या मुलामुलींपुढे एकाच आठवड्यात दोन नेमणूकपत्रे येऊन पडतात, ते वडीलधारे या नात्याने सल्ला देण्यास बांधलेले असतात. त्यातही महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां लोकांची एक विशेष अडचण आहे. पुण्यात वा नागपुरात एखाद्या कचेरीची माहिती हवी असेल, तर कोणाचा तरी मेहुणा वा मावसभाऊ तेथे निघतोच. शिलाँगला किंवा भुवनेश्वरला तो कोठून आणावयाचा? मग आपण तेथील महाराष्ट्र मंडळाच्या चिटणिसांना पत्र लिहितो. ते बिचारे आपुलकीने कळवितात, की गणेशोत्सव उत्तम होतो, चितळ्यांची बाकरवडी मिळते, घरभाडे बेताचे आहे. माहिती खरी असते. पण ती गावाची असते, कचेरीची नसते.

हा प्रश्न आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे पाचवे अधिकरण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आठवेल की राजाचा आश्रय घेऊ इच्छिणाऱ्या सेवकासाठी त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रा. र. पं. कंगले यांची या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत प्रसिद्ध केली, तेव्हापासून तो अभ्यासकांना अधिक सुलभ झाला आहे. राजाने सेवक कसा पारखावा हे सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. सेवकाने राजा कसा पारखावा हेही त्याच गांभीर्याने सांगावे, यात कौटिल्याचे मोठेपण आहे. त्याचा निर्णय थोडक्यात असा: ज्याच्यापाशी कोश, दुर्ग, अमात्य इत्यादी साधने उणी आहेत, पण जो स्वतः गुणसंपन्न आहे, अशा राजाचा आश्रय घ्यावा; जो स्वतःच गुणहीन आहे त्याचा मात्र कधीही घेऊ नये.

आमच्या मते या एका भेदात पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. आपण ज्याला वाईट जागा म्हणतो, ती पुष्कळदा केवळ कठीण जागा असते. मंजूर पदांपैकी अर्धी रिकामी आहेत, इमारत गळते, टंकलेखनापासून टपालापर्यंत सर्व एकाच कारकुनाच्या गळ्यात आहे, जिल्हा दुर्गम आहे. हे साधनांचे दारिद्र्य झाले, शीलाचे नव्हे. अशा ठिकाणी माणूस थकतो, पण बिघडत नाही. उलट गालिचा अंथरलेल्या, वातानुकूलित कचेरीतही जेथे खरे बोलणाराला बैठकीचे निमंत्रण जात नाही, ती जागा वाईट. कठीण जागा टाळणे हा आळस आहे आणि वाईट जागा ओळखणे हा विवेक आहे. मौज अशी, की आपण या दोहोंना एकच नाव देतो आणि आळसाला विवेकाचे वस्त्र चढवितो.

तेव्हा शोधावयाच्या खुणा सुखसोयींच्या नव्हेत, शीलाच्या. त्या कोठे दिसतात? आमच्या पाहण्यात आलेली पहिली खूण अगदी उघड्यावर टांगलेली असते. बहुतेक सरकारी कार्यालयांत साहेबांच्या खुर्चीमागे एक लाकडी फलक असतो, आणि त्यावर आजवरच्या अधिकाऱ्यांची नावे व कार्यकाळाच्या तारखा रंगविलेल्या असतात. भेटीस जाणारा माणूस नावे वाचतो. वाचावयाच्या असतात तारखा. तीन-तीन वर्षांच्या अंतराने नावे बदलत गेली असतील, तर ती कचेरी चालत आहे. एका वर्षात तीन नावे आणि त्यांपैकी दोन ‘अतिरिक्त कार्यभार’ अशी असतील, तर तेथे कोणाला तरी कोणी टिकू द्यावयाचे नाही, किंवा तेथे कोणी टिकू इच्छीत नाही. हे दुखणे एवढे जुने होते, की माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकारी यांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात न्यायालयाने किमान निश्चित कार्यकाळ आणि नेमणुकांसाठी नागरी सेवा मंडळे यांविषयी निर्देश दिले. जानेवारी २०१४ मध्ये भारतीय प्रशासन सेवेच्या संवर्ग पदांसाठी सामान्यतः दोन वर्षांची किमान मुदत नियमांत आली. नियम झाला. तो पाळला जातो की नाही, हे सांगणारा साक्षीदार मात्र अजूनही तो लाकडी फलकच आहे.

दुसरी खूण कागदाची. ज्या कचेरीत महत्त्वाचे हुकूम तोंडी दिले जातात आणि क्षुल्लक हुकूम लेखी, ती कचेरी भ्यालेली आहे असे समजावे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ चे आहेत. वरिष्ठाने हुकूम सामान्यतः लेखी द्यावा, तोंडी देणे अपरिहार्य झाले तर तो लगेच लेखी कायम करावा, आणि कनिष्ठानेही तशी लेखी पुष्टी मागून घ्यावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. वर उल्लेखिलेल्या निकालातही न्यायालयाने हाच आग्रह धरला. म्हणून नव्या ठिकाणच्या माणसाला सहज विचारावे, ‘आपल्याकडे तोंडी सूचना आली तर टिपणी कशी ठेवता?’ तो सरळ पद्धत सांगू लागला तर उत्तम. तो हसला, तर त्या हसण्याचा अर्थ लक्षात घ्यावा.

तिसरी खूण एका प्रश्नाच्या उत्तरात असते. ‘हे पद रिकामे का झाले?’ हा प्रश्न मुलाखतीत उमेदवाराने विचारला तर तो उद्धटपणा ठरत नाही. आधीचा माणूस निवृत्त झाला, बढतीवर गेला, त्याचे आमचे जमले नाही, यांपैकी कोणतेही उत्तर प्रामाणिक असू शकते. जेथे आधीच्या माणसाची निंदा सुरू होते, तेथे दोन वर्षांनी याच खुर्चीवरून आपली निंदा कशी होईल, ते ऐकावयास मिळते. प्रतिनियुक्तीच्या बाबतीत ‘रोजगार समाचार’चे जुने अंकही बोलके असतात. तेच पद, तीच अर्हता, आणि अर्जाची मुदत पुन्हा पुन्हा वाढविलेली, असे दिसले तर जे जाणू शकत होते त्यांनी जाण्याचे टाळले आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आल्यापासून तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली कार्यपद्धती, देखरेखीची साखळी, अधिकाऱ्यांची सूची आणि वेतन स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे असते. ती माहिती ताजी आहे की सहा वर्षांपूर्वीच्या साहेबांच्या नावानिशी तशीच पडली आहे, हे घरबसल्या पाहता येते.

याउपर एक आक्षेप आम्ही स्वतःच उपस्थित करतो, कारण तो खरा आहे. कौटिल्याने सारा भार राजाच्या शीलावर टाकला; पण केवळ वरचा माणूस चांगला असल्याने कचेरी चांगली होते काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राबाहेरच्याच एका मराठी राज्याच्या राजधानीत १९१७ साली मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले होते. करारानुसार परत येऊन ते संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. वर सयाजीराव गायकवाडांसारखा, त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच आढळणारा गुणग्राही राजा होता. कौटिल्याच्या कसोटीला ही जागा पूर्णपणे उतरली असती. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. राहावयास घर मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन एका पारशी पथिकाश्रमात राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही त्यांना बाहेर काढले. कमाठी बागेत बसून त्यांनी तो दिवस काढला आणि अखेर मुंबईची गाडी धरली.

या घटनेतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की कचेरीचे शील वरून खाली आपोआप झिरपत नाही. राजाचा हुकूम दप्तरापर्यंत पोचतो; टेबलावर कागद ठेवणाऱ्या हातापर्यंत तो पोचेलच असे नाही. म्हणून नवी जागा पाहावयास जाणाराने साहेबांच्या खोलीतल्या अर्ध्या तासापेक्षा बाहेरच्या बाकावरच्या अर्ध्या तासाला अधिक महत्त्व द्यावे. शिपायाला कोणत्या नावाने हाक मारली जाते? पाण्याचे पेले सर्वांना सारखे आहेत काय? कामासाठी आलेल्या खेडुताला बसावयास जागा आहे की तो भिंतीला टेकून उभा आहे? साहेबांसमोर कारकून वाक्य पूर्ण करू शकतो काय?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एकच कचेरी सर्वांना सारखी चांगली नसते. बडोद्याच्या त्याच कचेरीविषयी तेथल्या एखाद्या सवर्ण मराठी कारकुनाला विचारले असते, तर त्याने ‘जागा उत्तम आहे’ असे निःशंकपणे सांगितले असते, आणि ते तो खोटे बोलला नसता. त्याला दिसत नव्हते, एवढेच. म्हणून ‘आपला माणूस’ काय म्हणतो यावर विसंबणे धोक्याचे आहे. जागा आपल्या माणसांना कशी आहे, इतकेच तो सांगू शकतो. खरी पारख परक्याला विचारून होते. त्या कचेरीत सर्वांत एकटा कोण आहे? वेगळ्या प्रांतातून आलेला, वेगळ्या जातीचा वा धर्माचा, किंवा त्या मजल्यावरची एकुलती एक स्त्री? तिला विचारावे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिच्या नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावावा लागतो. तो कागद भिंतीवर आहे काय, आणि असल्यास त्यावरच्या सदस्या अद्याप त्याच कचेरीत आहेत काय, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. ज्यांच्या घरातून मुली नोकरीस निघाल्या आहेत, त्यांनी तरी पगाराच्या आकड्याआधी ही दोन मिनिटे खर्च करावीत.

खुणांविषयी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. अर्थशास्त्राच्या त्याच अधिकरणात राजा प्रसन्न आहे की रुष्ट, हे ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. प्रसन्न असलेला राजा भेटीने आनंदतो, बसावयास सांगतो, शंकेच्या जागीही फार शंका घेत नाही आणि हिताचे पण कडू बोलणे सहन करतो. पुढे जुन्या आचार्यांची उदाहरणे येतात. कोणी क्रौंच पक्ष्याच्या जाण्यावरून, कोणी गवताच्या उल्लेखावरून, कोणी थंड वस्त्रावरून, तर कोणी कुत्र्याच्या आवाजावरून काय ते ओळखले आणि तो देश सोडला. इतक्या सूक्ष्म खुणा वाचणे त्या मुरलेल्या मंत्र्यांना साधत असेल. आपण मात्र एका आंबट चेहऱ्यावरून किंवा उशिरा आलेल्या चहावरून कचेरीचे भविष्य वर्तवू नये. एक खूण ही खूण नव्हे. तीन निरनिराळ्या माणसांकडून तीच गोष्ट आली, तर ती खूण. त्या तिघांत एक सोडून गेलेला असावा, एक अजून तेथे असलेला असावा आणि एक त्या कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभा राहणारा असावा. सोडून गेलेल्याच्या बोलण्यात राग असतो, राहिलेल्याच्या बोलण्यात भीती असते. रांगेतल्या माणसाला या दोहोंपैकी कशाचेच कारण नसते.

आता दुसरा प्रश्न. खुणा पाहिल्या, जागा कठीण नव्हे, वाईटच आहे असे ठरले, मग? येथे दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक उत्तर असे, की आपले शील जपणे हे पहिले कर्तव्य. चिखलात पाऊल न घालणे हेच शहाणपण. दुसरे असे, की चिखल उपसावयास कोणी तरी उतरलेच पाहिजे; नकार देणारा प्रामाणिक माणूस आपली खुर्ची अप्रामाणिकाला बहाल करीत असतो. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्यात सोवळेपणाचा दर्प आहे. दुसऱ्यात वीरश्री आहे, पण ती बहुधा दुसऱ्याच्या जिवावर दाखविली जाते. सत्येंद्र दुबे हे तरुण अभियंता राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकल्पावर होते. कामातील गैरप्रकारांविषयी त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासह अनेक टेबलांवरून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. खुनाचे कारण काय, याविषयी तपास आणि न्यायालय यांनी काहीही म्हटले असले, तरी विश्वासाने लिहिलेले नाव शासनाला झाकून ठेवता आले नाही, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. अशा व्यवस्थेत ‘तू जा आणि सुधार’ असे तरुणांना सांगण्यापूर्वी सांगणाराने आपण कोठे उभे आहोत, ते पाहावे.

आमचे मत असे आहे, की वाईट जागा पत्करण्याचे कर्तव्य सर्वांवर सारखे नसते. ते ज्याच्या त्याच्या बळाच्या प्रमाणात असते. ज्याची नोकरी कायम आहे, ज्याच्या मागे पंचवीस वर्षांचा स्वच्छ लौकिक आहे, ज्याची मुले मार्गी लागली आहेत आणि ज्याच्या शब्दाला वर कोणी तरी कान देते, त्याने ‘जागा वाईट आहे’ म्हणून नकार दिला, तर तो नकार आम्ही विवेक मानणार नाही. ज्याची परिवीक्षा अद्याप संपलेली नाही, ज्याच्या पगारावर घर चालते आणि ज्याचे त्या प्रांतात कोणी नाही, त्याने तीच जागा नाकारली, तर त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुर्दैवाने आपल्याकडे व्यवहार नेमका उलटा चालतो. वजन असणारे ते वजन खर्चून सुटतात आणि नवा, निराधार मनुष्य तेथे पाठविला जातो.

नकार हाही शेवट नसतो. कौटिल्याचे एक सांगणे फारसे लक्षात घेतले जात नाही. राजाला सोडून गेलेल्या सेवकाने दूर राहून मित्रांच्या द्वारे राजाचे दोष घालविण्याचा यत्न करावा आणि मग परत यावे, असे तो म्हणतो. मराठी मनाला या ठिकाणी रामशास्त्री प्रभुणे आठवल्याखेरीज राहत नाहीत. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला. रघुनाथरावाला त्याच्या तोंडावर दोषी ठरवून रामशास्त्र्यांनी पद सोडले आणि ते पुण्याबाहेर पडले. ही कथा आपण मुलांना सांगतो, पण बहुधा येथेच थांबतो. पुढे रघुनाथरावाची सत्ता गेली, बारभाईंचा कारभार सुरू झाला, आणि तेच रामशास्त्री न्यायासनावर परत आले. त्यांनी पदाचा त्याग केला तो पदाला कंटाळून नव्हे. त्या पदाचा धर्म ज्याच्या हाताखाली पाळता येत नव्हता, त्याला नाकारण्यासाठी. कारण गेले तेव्हा त्यांचा नकारही संपला.

यावरून नकाराची एक कसोटी हाती येते. नकाराचे कारण आपण मोठ्याने सांगू शकतो काय? ‘माझ्या प्रकृतीस तेथील हवा मानवत नाही’ असे लिहून जो सुटतो, त्याने स्वतःपुरती सुटका करून घेतली. मागून येणाराला काहीच कळले नाही. ‘या पदावर एका वर्षात तीन माणसे बदलली आहेत, किमान मुदतीची हमी मिळाल्यास मी येण्यास सिद्ध आहे’, असे जो नम्रपणे पण लेखी कळवितो, त्याचा नकार त्या कचेरीच्या दप्तरात राहतो आणि केव्हा तरी कोणाच्या तरी वाचण्यात येतो. सर्वांनाच इतके स्पष्ट लिहिणे परवडेल असे नाही. पण जेवढे परवडते तेवढेही न लिहिणे, हा मात्र दोष आहे.

शेवटी, या लेखाच्या बहुसंख्य वाचकांना लागू पडणारी गोष्ट. आपण खुणा शोधणारे आहोत तसे, बराच काळ, खुणा दाखविणारेही असतो. आज आपल्या दाराबाहेरच्या बाकावर कोणी तरुण मुलगी मुलाखतीसाठी बसलेली असेल. ती आपल्या मागचा फलक वाचील, शिपायाला मारलेली आपली हाक ऐकेल, आपल्या आधीच्या अधिकाऱ्याविषयी आपण काय बोलतो ते लक्षात ठेवील, आणि घरी गेल्यावर वडिलांनी ‘जागा कशी आहे?’ म्हणून विचारले, की एका शब्दात उत्तर देईल. त्या एका शब्दाचा अर्थ काय असावा, हे ठरविणे आपल्या हाती आहे.